ठसक्याची पारख : ग्रीक ऑलिव्ह तेलाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीतील ‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ या शब्दावरून आला, आणि ‘तैल’ म्हणजे मुळात तिळापासून निघालेले. पुढे करडई, शेंगदाणा, सरकी, खोबरे यांपासून निघणाऱ्या स्निग्ध द्रवालाही तेच नाव मिळाले आणि तिळाची आठवण केवळ शब्दाच्या पोटात शिल्लक राहिली. ग्रीक भाषेत हाच प्रकार ऑलिव्हच्या बाबतीत घडला. ‘एलाया’ म्हणजे ऑलिव्हचे झाड आणि त्याचे फळ, ‘एलाइऑन’ म्हणजे त्या फळाचे तेल. हा शब्द लॅटिनमध्ये जाऊन ‘ओलेउम’ झाला आणि तेथून युरोपातील अनेक भाषांत, इंग्रजीतील ‘ऑइल’सह, वाटेल त्या तेलाला लागू पडला. कोणत्या समाजाने प्रथम कोणत्या पिकातून तेल काढले, याची साक्ष अशी दोन्हीकडे भाषेनेच जपून ठेवली आहे.

साम्य मात्र येथेच संपते. तीळ, करडई किंवा शेंगदाणा हे कोरडे बी आहे. ते वाळवून कणगीत साठवता येते आणि सवडीने घाण्यात घालता येते. ऑलिव्ह हे आंब्या-जांभळासारखे गर असलेले फळ आहे. त्याच्या मध्यभागी एकच कठीण बी असते, तेलाचा बहुतेक साठा बीमध्ये नसून गरात असतो, आणि या फळाचा निम्म्याच्या आसपास भाग पाणीच असतो. झाडावरून उतरलेले हे फळ ढिगात पडून राहिले की गरम होते, आंबू लागते, आणि त्याचे तेल बाहेर येण्यापूर्वीच बिघडू लागते. म्हणून ग्रीसमधील ऑलिव्हची गिरणी समजून घेताना मराठी वाचकाने तेल्याच्या घाण्यापेक्षा उसाचे गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणणे अधिक योग्य ठरेल : ठरलेला हंगाम, आपापला माल घेऊन थांबलेले शेतकरी, रात्री उशिरापर्यंत चालणारे काम, आणि तोडलेला माल पडून राहिला तर रस बिघडेल ही सर्वांच्या मनातली एकच धास्ती. ऑलिव्ह तेल हा फळाचा रस आहे आणि फळाचा झाडापासून गिरणीपर्यंतचा प्रवास जसा झाला असेल तसा तो त्या तेलाच्या चवीत उतरतो, हे या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. तेल चाखायला शिकणे म्हणजे तो प्रवास वाचायला शिकणे, आणि त्यासाठी गिरणीइतकी चांगली शाळा नाही.

ऑलिव्ह तेलाच्या उत्पादनात स्पेन ग्रीसच्या फार पुढे आहे; तरीही चवीच्या अभ्यासासाठी येथे ग्रीसची निवड केली आहे, ती दोन कारणांनी. ग्रीसमध्ये दरडोई ऑलिव्ह तेलाचा खप जगातील सर्वाधिक खपांपैकी आहे, आणि तेथील बागा बहुतांशी लहान, कुटुंबाच्या मालकीच्या आहेत. त्यामुळे तेल ही तेथे विकत आणण्याची वस्तू होण्याआधी घरची वस्तू असते. अथेन्समध्ये नोकरीला असलेल्या असंख्य कुटुंबांकडे वर्षाचे तेल अजूनही गावाहून, १७ लिटरच्या पत्र्याच्या डब्यांतून येते. या डब्याला ग्रीकमध्ये ‘तेनेकेस’ म्हणतात आणि तेलाचा हिशेबही लोक डब्यांतच करतात. भाज्या आणि कडधान्ये भरपूर तेलात शिजवून केलेल्या पदार्थांचा तेथे एक स्वतंत्र वर्गच आहे. त्याचे नाव ‘लादेरा’, म्हणजे तेलातले.

ग्रीसमधील तेलासाठीच्या जातींत अग्रस्थान ‘कोरोनेइकी’ या जातीचे आहे. तिचे फळ जेमतेम एक ग्रॅम वजनाचे, म्हणजे लहान बोराहूनही लहान असते, पण त्यातील तेल सुगंधी आणि टिकाऊ असते. पेलोपोनीस द्वीपकल्प आणि क्रीट बेट हे तिचे मुख्य प्रदेश. लेस्वोस बेटावर ‘कोलोवी’ आणि ‘अद्रामितिनी’ या जाती आहेत, तर कॉर्फू बेटावर ‘लिआनोलिआ’. येथे एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. कलामाता हे नाव ऐकले की मोठी, जांभळट काळी, मिठाच्या पाण्यात मुरवलेली ऑलिव्ह आठवतात. ती ‘कलामोन’ नावाच्या खाण्याच्या जातीची असतात. ‘कलामाता’ या संरक्षित नावाने विकले जाणारे तेल मात्र मुख्यतः कोरोनेइकीचे असते. भौगोलिक उगमाशी जोडलेले हे नाव युरोपीय संघात १९९७ साली नोंदले गेले आणि २०१५ मध्ये त्याचे क्षेत्र संपूर्ण मेसिनिया जिल्ह्यापर्यंत वाढवण्यात आले.

हा मेसिनिया जिल्हा तेलाच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. १९३९ मध्ये कार्ल ब्लेगेन यांच्या उत्खननात पिलोसजवळ एक कांस्ययुगीन राजवाडा सापडला आणि त्यात मातीच्या शेकडो पाट्या निघाल्या. त्यांवरील ‘लिनिअर बी’ नावाची लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडली, तेव्हा असे दिसले की त्या पाट्या म्हणजे राजवाड्याच्या कोठाराचे हिशेब आहेत, आणि त्यांत गुलाबाचा व सेजचा गंध दिलेल्या तेलाच्या, ते तेल सिद्ध करणाऱ्या कारागिरांच्या आणि देवतांना पाठवलेल्या तेलाच्या नोंदी आहेत. इसवी सनपूर्व १२०० च्या सुमारास तो राजवाडा जळाला आणि त्या आगीतच कच्च्या मातीच्या पाट्या भाजून टिकल्या. पुढील काळात अथेन्समध्ये सोलोन या कायदेकर्त्याने शेतमालाच्या निर्यातीवर बंदी घालताना ऑलिव्ह तेल तेवढे वगळले, असे चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. त्याच नगरीत पानाथेनाइया उत्सवातील स्पर्धांच्या विजेत्यांना अथेना देवीच्या पवित्र झाडांचे तेल चित्रित कलशांतून बक्षीस दिले जाई; इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील एका शिलालेखाप्रमाणे रथांच्या शर्यतीत पहिल्या आलेल्याला असे १४० कलश मिळत, आणि एका कलशात ३५ ते ४० लिटर तेल मावत असे. एवढे तेल कोणी एकटा खाणार नव्हता. ते विकण्यासाठीच होते. दिव्यासाठी, अंगाला लावण्यासाठी, अत्तरासाठी आणि जेवणासाठी असे तेलाचे चारही उपयोग त्या काळी एकाच फळावर चालत. गंधांविषयीच्या ग्रंथात ग्रीक तत्त्वज्ञ थेओफ्रास्टस कच्च्या फळाच्या तेलाचा अत्तरांच्या संदर्भात उल्लेख करतो, म्हणजे कच्च्या आणि पिकलेल्या फळाचे तेल वेगळे असते हे ज्ञान सुमारे तेवीसशे वर्षांइतके जुने आहे.

आज त्या कच्च्या फळाच्या तेलाला ‘अगुरेलेओ’ म्हणतात. ‘अगुरोस’ म्हणजे कच्चा. हंगामाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, फळ हिरवे असतानाच ते काढले जाते. तेव्हा एक लिटर तेलासाठी सात-आठ किलो किंवा त्याहूनही अधिक फळ लागते. तेच फळ पिकून जांभळे-काळे झाल्यावर चार-पाच किलोंत काम भागते. लवकर तोडणी करणारा शेतकरी अशा रीतीने उतारा सोडून चव पत्करतो, आणि चांगल्या तेलाची किंमत कशाची असते या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका निर्णयात आहे.

गिरणीला ग्रीकमध्ये ‘एलेओत्रिव्हिओ’ म्हणतात. नोव्हेंबरमधील एखाद्या संध्याकाळी मेसिनियातील गिरणीचे दृश्य साधारणपणे असे असते. दिवसभर झाडाखाली जाळी अंथरून, फांद्या काठीने किंवा विजेच्या झोडणीने झोडून जमवलेले फळ पिकअप गाड्यांतून येते. काहींचे गोणपाटात, काहींचे हवा खेळती राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. ते वजन करून मोठ्या नरसाळ्यात ओतले जाते, पंख्याच्या झोताने पाने उडवली जातात, पाण्याने माती धुतली जाते, आणि मग पोलादी हातोड्यांच्या यंत्रात फळ बीसकट ठेचले जाते. बीसकट ठेचण्याने तेल कडवट होते असा समज असला तरी बीच्या कठीण तुकड्यांचा उपयोग लगदा मोकळा राहण्यासाठीच होतो. कडूपणा येतो तो गरातून. ठेचलेल्या लगद्याचा रंग गडद हिरवा आणि दरवळ थेट कापलेल्या गवताचा असतो, आणि हा दरवळ अखंड फळाला मुळीच नसतो. फळाच्या पेशी फुटल्या की आतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, मेदाम्लांवर काम करू लागतात आणि हिरव्या पानाची, सफरचंदाची, टोमॅटोच्या देठाची आठवण करून देणारी उडनशील द्रव्ये काही मिनिटांत तयार होतात. तेलाचा सुवास झाडावर तयार होत नाही, तो गिरणीत जन्माला येतो, ही गोष्ट गिरणीत उभे राहून एकदा नाकाने अनुभवली की पुन्हा सांगावी लागत नाही.

पुढचा टप्पा लगदा मळण्याचा. बंद पात्रांत सावकाश फिरणारी पाती तो साधारण अर्धा तास मळत राहतात, आणि तेलाचे सूक्ष्म थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात. पात्राच्या काचेतून पाहिले तर हिरव्या लगद्यावर हळूहळू तुकतुकीत सोनेरी रेघा उमटू लागतात. गिरणीवाल्याची खरी परीक्षा येथे होते. लगदा अधिक तापवला किंवा अधिक वेळ मळला तर तेल अधिक सुटते, पण सुवास उडतो आणि कडूपणा देणारी द्रव्ये घटतात. युरोपीय नियमांप्रमाणे बाटलीवर ‘थंड प्रक्रियेने काढलेले’ असे छापायचे तर तापमान २७ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले पाहिजे. त्यानंतर लगदा डिकँटर नावाच्या आडव्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रात जातो, जेथे घनतेतील फरकामुळे चोथा, पाणी आणि तेल वेगळे होतात. शेवटी आणखी एका उभ्या यंत्रातून उरलेसुरले पाणी निघून जाते आणि पोलादी तोटीतून जाडसर, गढूळ, झगझगीत हिरवे तेल खाली पडू लागते. आपल्याच फळाचे तेल डब्यात पडताना शेतकरी तेथून हलत नाही. अनेक गिरण्यांत मजुरी पैशांत न घेता तेलाच्याच ठरावीक हिश्शात घेतली जाते, त्यामुळे गिरणीवाला आणि शेतकरी दोघांचेही लक्ष त्या एकाच धारेवर खिळलेले असते. भाजलेल्या पावाचा तुकडा त्या धारेखाली धरून, वर थोडे मीठ घालून खाण्याची तेथे जुनी रीत आहे.

दगडी जात्यांची आणि दाबाच्या यंत्रांची जुनी गिरणी पाहायची असेल तर लेस्वोस बेटावरील आइया पारास्केवी या गावात औद्योगिक तेलनिर्मितीचे संग्रहालय आहे, आणि स्पार्टामध्ये ऑलिव्ह व ग्रीक तेलाला वाहिलेले दुसरे. ती अवश्य पाहावीत. पण जुने ते चांगले, ही समजूत येथे सोडून द्यावी लागेल. लाकडी घाण्याच्या तेलाविषयी मराठी घरांत जो आदर आहे तो कोरड्या बियांच्या बाबतीत सकारण आहे. ऑलिव्हचा ओला लगदा मात्र विणलेल्या पिशव्यांत भरून एकावर एक रचून दाबला जाई. त्या पिशव्या पूर्णपणे कधीच स्वच्छ होत नसत, कालच्या लगद्याचे अवशेष त्यांत आंबत आणि आजच्या तेलाला त्याचा वास लागे. पोलाद आणि स्वच्छ पाणी यांनी ग्रीक तेलाचे जेवढे भले केले तेवढे दगडी जात्याने केले नव्हते, असे निःसंकोच म्हणता येईल.

चाखण्याकडे वळण्यापूर्वी कायद्यातील वर्गवारी थोडक्यात पाहू. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हे नाव मिळण्यासाठी तेल केवळ यांत्रिक मार्गाने काढलेले असावे लागते, त्यातील मुक्त मेदाम्लांचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि प्रशिक्षित परीक्षकमंडळाला त्यात एकही दोष आढळता कामा नये व फळाचा गुण जाणवला पाहिजे. किरकोळ दोष असलेले तेल ‘व्हर्जिन’ ठरते, त्याखालचे तेल शुद्धीकरणाशिवाय खाण्यास योग्य मानले जात नाही आणि त्याचे ‘लाम्पांते’ हे नावच दिव्याच्या तेलाचे आहे. गिरणीतून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या साहाय्याने काढून शुद्ध केलेले तेल म्हणजे ‘पोमेस’. भारतातील दुकानांत हे पोमेस तेल आणि शुद्धीकरणाने चव घालवलेले ‘एक्स्ट्रा लाइट’ तेल सर्रास ऑलिव्ह तेल म्हणून घेतले जाते. ते तळणीला वापरण्यास हरकत नाही, पण ज्या फळाच्या रसाची चर्चा येथे चालली आहे त्याच्याशी त्याचे नाते दूरचे आहे.

कोणत्याही खाद्यपदार्थाची प्रतवारी माणसाच्या नाक-जिभेवर कायद्याने सोपवली जाणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेने आखलेली ही पद्धत युरोपीय कायद्यात १९९१ मध्ये आली. आठ ते बारा परीक्षक एकमेकांशी न बोलता तेल चाखतात, प्रत्येक गुण-दोषाची तीव्रता १० सेंटिमीटरच्या रेषेवर खूण करून नोंदवतात, आणि सर्वांच्या नोंदींची मध्यगा, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य, ग्राह्य धरली जाते, जेणेकरून एखाद्याची टोकाची आवड निकाल फिरवू शकत नाही. पेला परंपरेने गडद निळ्या काचेचा असतो, कारण रंग दिसला की मन आधीच निर्णय देते. हिरवे तेल उत्तम आणि पिवळे कमी प्रतीचे हा समज अगदी चुकीचा आहे.

घरी चाखण्याची रीत याच पद्धतीवरून घेता येते. लहान पेल्यात चमचाभर तेल घ्यावे, तळहातावर पेला धरून दुसऱ्या हाताने झाकावा आणि ते अंगाच्या उबेने कोमट होऊ द्यावे. मंडळात ते २८ अंशांच्या आसपास ठेवतात. मग हात काढून खोल वास घ्यावा. त्यानंतर छोटा घोट जिभेवर पसरवून, दात मिटून, गरम चहा भुरकावा तशी तोंडातून हवा आत ओढावी, म्हणजे सुवास घशामागून नाकात चढतो. कडूपणा जिभेच्या मागच्या भागावर उमटतो. तेल गिळल्यावर काही क्षण काहीच होत नाही, आणि मग घशात एक ठणक उठते. तेल ताजे आणि हिरव्या फळाचे असेल तर चांगला ठसका लागतो. दोन तेलांच्या मध्ये सफरचंदाची फोड आणि पाणी घ्यावे, आणि एका बैठकीत चारांहून अधिक तेले चाखू नयेत.

हा ठसका म्हणजे भेसळ, असे अनेकांना प्रथम वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. फळाचा सुवास, कडूपणा आणि घशातील झणका हे तीनच गुण कायद्याने मान्य केलेले सद्गुण आहेत. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील गॅरी बोशाम्प यांना आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाच्या द्रवरूपाचा अनुभव होता. सिसिलीत ताजे तेल चाखताना घशात तशीच जळजळ झालेली त्यांच्या लक्षात आली, आणि त्यातून झालेले संशोधन २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ठसका लावणाऱ्या द्रव्याला त्यांनी ‘ओलिओकँथल’ नाव दिले आणि आयबुप्रोफेन दाह निर्माण करणाऱ्या ज्या विकरांना अटकाव करते त्यांनाच तेही करते असे दाखवले. तेलातील मात्रा औषधाच्या मात्रेपेक्षा फार कमी असल्याने त्याला औषध म्हणणे अनुचित होईल; पण ही द्रव्ये तेलाला खवट होण्यापासूनही जपतात, म्हणून ठसका ही ताजेपणाची आणि टिकाऊपणाची खूण आहे.

येथे मराठी शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. आयुर्वेदातील षड्रसांत ‘तिक्त’ म्हणजे कारल्याचा रस आणि ‘कटु’ म्हणजे मिरीचा. मराठीत मात्र ‘कटु’वरून आलेला ‘कडू’ हा शब्द कारल्याकडे गेला आणि मिरी-मिरचीसाठी ‘तिखट’ हा शब्द आला. या ग्रंथात सर्वत्र बोलीतील अर्थच धरला आहे. कारले, मेथी, शेवग्याचा पाला आवडीने खाणाऱ्या माणसाला तेलातील कडूपणा ओळखायला वेळ लागत नाही. त्याला एवढेच सांगावे लागते की तेलातही कडूपणा हा गुण असू शकतो.

दोषांच्या बाबतीत मराठी अधिकच समृद्ध आहे. जुन्या शेंगदाण्यांचा, उघड्या राहिलेल्या खोबऱ्याचा किंवा दिवाळीनंतर महिनाभर राहिलेल्या चकलीचा जो वास, तोच तेलातला ‘तांगो’, म्हणजे खवटपणा. प्रकाश, हवा आणि उष्णता यांनी तेलाचे ऑक्सिडीकरण झाल्याची ती खूण. गोणीत दोन-चार दिवस कोंडलेल्या फळाच्या तेलाला कुबट, आंबूस, खारवलेल्या काळ्या ऑलिव्हसारखा वास येतो. त्याला ग्रीक लोक ‘अत्रोहादो’ म्हणतात. फळ जमिनीवर पडून बुरसले असेल तर ओलसर तळघराचा वास येतो, आणि ‘दाकोस’ नावाच्या फळमाशीची अळी लागलेली असेल तर तीही चवीत सापडते. खेदाची गोष्ट अशी की ‘अत्रोहादो’ चव अनेक गावांत पिढ्यान्पिढ्या घरच्या तेलाची चव म्हणून प्रिय झाली आहे, आणि शेतकरी गिरणीत सर्वात आधी विचारतो ते आम्लतेचा आकडा. आम्लता कमी असणे चांगलेच. पण मुक्त मेदाम्ले जिभेला कळत नाहीत आणि कमी आम्लतेचे तेलही कुबट असू शकते. ग्रीसमधील उत्तम तेलाचा मोठा भाग वर्षानुवर्षे सुटा टँकरमधून इटलीला गेला आणि तेथील तेलात मिसळून इटालियन नावाने विकला गेला, त्यामागे भांडवल आणि बाजारपेठ ही कारणे आहेतच. परंतु आपल्या तेलाची चव शब्दांत सांगता न येणे हेही एक कारण होते, असे प्रस्तुत लेखनाचे मत आहे. गेल्या काही दशकांत तेथील तरुण उत्पादक स्वतः चाखायला शिकत आहेत, तोडणीची तारीख बाटलीवर छापत आहेत, आणि हा बदल अत्यंत आशादायक आहे.

पुढील प्रकरणे वाचण्यास घेण्यापूर्वी वाचकाने एक लहानसा प्रयोग करावा. शक्य तेवढ्या अलीकडच्या हंगामाचे एक्स्ट्रा व्हर्जिन तेल, गडद बाटलीतले, विकत आणावे. त्यातील दोन चमचे एका वाटीत घालून उन्हाच्या खिडकीत महिनाभर उघडे ठेवावेत आणि बाटली बूच घट्ट लावून अंधारात ठेवावी. महिन्यानंतर डोळे मिटून आधी वाटीचा आणि मग बाटलीचा वास घ्यावा. दोषांचे प्रकरण त्यानंतर वाचावे.